दोन गाठींचा प्रवास

इचलकरंजीच्या पेढीवरून विदर्भातल्या एखाद्या तालुक्याच्या गावी कापडाच्या दोन गाठी पाठवायच्या तर त्यासाठी कोणी स्वतंत्र ट्रक करीत नाही. त्या गाठी ट्रान्सपोर्टच्या गोदामात जातात, कुणाची स्टीलची भांडी, कुणाचा किराणा, कुणाची औषधांची खोकी यांच्या शेजारी गाडी भरण्याची वाट पाहतात आणि भाडे ज्याच्या त्याच्या मालाप्रमाणे आकारले जाते. आपल्यापैकी कित्येक घरांची दुकाने या पार्ट लोडवरच चालतात.

भाड्याची घासाघीस आपण मनापासून करतो. बिल्टी मात्र न वाचताच गल्ल्यात टाकतो. नुकसान होते ते तिथे. १८६५ चा जुना वाहक कायदा जाऊन २००७ चा रस्ता-मालवाहतुकीचा कायदा आला आणि १ मार्च २०११ पासून तो अमलात आहे. त्याखालील नियमांप्रमाणे माल गहाळ झाला वा खराब झाला, तर वाहतूकदाराची जबाबदारी एरवी भाड्याच्या दहापटीपुरतीच असते. आणि तीही आपण लिहून दिलेल्या किमतीच्या वर जात नाही. म्हणजे ४०,००० रुपयांच्या गाठीला ३०० रुपये भाडे दिले असेल, तर हाती पडायचे फार तर ३,०००. जादा जोखमीचा दर भरण्याचे पाठवणाऱ्याने स्पष्ट कबूल केले असेल तरच ही मर्यादा वाढते. सणासुदीचे सारे भांडवल ज्याच्या चार गाठींत अडकले आहे, त्या लहान दुकानदाराने हा दर किंवा मालाचा विमा यांपैकी एक तरी घ्यावाच. तेवढ्या बचतीला काटकसर म्हणणे मला पटत नाही.

तक्रारीची मुदतही ध्यानात असावी. लेखी नोटीस बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांत द्यावी लागते; माल हरवल्याचे आपल्याला कळले त्या दिवसापासून नव्हे. ‘येईल हो शेठ, पुढच्या गाडीने’ या गोड आश्वासनावर महिने सहज निघून जातात.

ई-वे बिलाचे तसेच. २०२१ पासून साधारण मालाला दर २०० किलोमीटरला एक दिवस मिळतो. ५०० किलोमीटरचा पल्ला असेल तर तीन दिवस. वाहतूकदाराने गाडीचा क्रमांक प्रथम भरला की हे दिवस मोजले जाऊ लागतात, आणि मधल्या गोदामात माल उतरून दुसऱ्या गाडीची वाट पाहत राहिला तर वाटेतच संपतात. मुदत संपण्याच्या आठ तास आधीपासून नंतरच्या आठ तासांपर्यंत ती वाढवता येते. ते काम वाहतूकदाराचे असले तरी फोन आपण करावा. शिवाय इथे आपण एकटे नसतो. एकाच्या कागदात खोट निघाली तर गाडी अडते, आणि ज्यांचे कागद चोख आहेत अशा वीस जणांचा मालही तिच्याबरोबर उभा राहतो. बिलात मालाची किंमत कमी दाखवणारा म्हणूनच केवळ स्वतःला अडचणीत आणत नाही.

प्रत्येक नगावर मार्का, गावाचे नाव आणि एकूण नगांपैकी हा कितवा, हे न पुसणाऱ्या शाईने लिहावे. गठ्ठ्यांच्या ढिगात चिठ्ठी फाटून पडते. आणि माल सोडवताना गाठ भिजलेली किंवा शिवण उसवलेली दिसली, तर सही करण्यापूर्वी पोचपावतीवर तसे नोंदवून घ्यावे. दिवाळीच्या गर्दीत गोदामाचा कारकून वैतागेल. वैतागू द्यावे.