अज्ञानांचे हित आणि यादीतील मुले

अठराव्या शतकात न्यू ऑर्लिन्समध्ये घरातील कर्ता पुरुष वारला, की शोक आवरण्यापूर्वीच सरकारी अधिकारी दाराशी येई. पेट्या, कपाटे आणि कागदपत्रांचे खण यांवर मोहोर लागे. पुढे ठरलेल्या दिवशी साक्षीदार आणि किंमत ठरविणारे जाणकार यांच्या समक्ष त्या मोहोरा काढून मृताच्या मालमत्तेची यादी केली जाई. चांदीचे चमचे, बिछाने, आरसे, नांगर, जनावरे, येणी आणि देणी असे सर्व काही तीत क्रमाने उतरे. विधवेच्या ताब्यात काय आहे, त्यातले तिचे स्वतःचे किती आणि मुलांचे किती, याचा निवाडा या कागदावरून होत असे. पोरक्या मुलांचे हित जपणारा तो पहिला दस्तऐवज होता. परंतु त्याच यादीत माणसांचीही नोंद असे : नाव, वय, काम आणि किंमत. त्या माणसांत लहान मुलेही असत. प्रारंभकालीन लुइझियानाच्या वारसाविषयक कायद्याचे मोल ठरवायचे, तर या दोन्ही प्रकारच्या मुलांना एकाच वेळी डोळ्यांसमोर ठेवले पाहिजे.

हा कायदा अमेरिकेतील इतर राज्यांच्या कायद्याहून निराळ्या कुळातला आहे. १७१२ च्या सनदेने या फ्रेंच वसाहतीला पॅरिसची रूढिसंहिता लागू झाली. पुढे वसाहत स्पेनकडे गेली आणि १७६९ मध्ये ओ'रायली याने तेथे स्पॅनिश कायद्याचा अंमल बसविला. 'लास सिएते पार्तिदास' ही मध्ययुगीन संहिता त्याचा एक मुख्य आधार होती. १८०३ मध्ये प्रदेश संयुक्त संस्थानांच्या ताब्यात आला, तरी लोकांनी आपला कायदा सोडला नाही. जेम्स ब्राऊन आणि मोरो लिले यांनी सिद्ध केलेली १८०८ ची संहिता आणि तिच्या मागून आलेली १८२५ ची दिवाणी संहिता या दोन्हींत रोमन परंपरेतून आलेला हाच वारसा नांदतो. राज्यकर्ते तीनदा बदलले. विधवा आणि पोरकी मुले यांच्याविषयीची मूळ चौकट मात्र फारशी हलली नाही.

या चौकटीची स्तुती करणारे अभ्यासक इंग्रजी कायद्याशी तिची तुलना करतात, आणि ती तुलना निराधार नाही. इंग्रजी कायद्यात विवाहित स्त्रीचे कायदेशीर अस्तित्व पतीच्या अस्तित्वात विलीन होई. त्याच्या मागे तिला त्याच्या जमिनीच्या एक-तृतीयांश भागाचा हयातीपुरता उपभोग मिळे. लुइझियानात विवाहकाळात मिळविलेली संपत्ती पतिपत्नींची समाईक मानली जाई आणि पतीच्या मृत्यूनंतर तिचा अर्धा भाग विधवेचा ठरे. ती कृपा नव्हती, हक्क होता. माहेराहून आणलेला हुंडा तिला परत घेता येई. पती कर्जबाजारी होऊन मेला, तर समाईक संपत्तीवरचा हक्क सोडून देऊन ती त्या कर्जातून मुक्त होऊ शके. या हक्कत्यागाचे मूळ जुन्या फ्रेंच रूढीत आहे. १४०४ मध्ये बर्गंडीचा ड्यूक फिलिप वारला तेव्हा त्याची विधवा मार्गारेट हिने कमरपट्टा, बटवा आणि किल्ल्या त्याच्या शवपेटीवर ठेवून देण्यांची जबाबदारी नाकारली, ही घटना प्रसिद्ध आहे. पती श्रीमंत असून पत्नी निर्धन राहिली, तर त्याच्या मालमत्तेतून तिच्यासाठी चतुर्थांशाची तरतूद होती. मुलांचा वाटाही बापाच्या लहरीवर सोपविलेला नव्हता. १८२५ च्या संहितेप्रमाणे एक मूल असता एक-तृतीयांश, दोन असता अर्धा, तीन किंवा अधिक असता दोन-तृतीयांश भाग मृत्युपत्रानेही त्यांच्यापासून हिरावता येत नसे.

पालकत्वाची व्यवस्था तर याहून बारकाईची होती. पतीच्या मागे आई ही मुलांची नैसर्गिक पालक मानली जाई. इंग्लंडमध्ये मात्र १६६० च्या कायद्याने बापाला मृत्युपत्राद्वारे आईला डावलून परका पालक नेमण्याची मुभा दिलेली होती. लुइझियानात आईवर नजर ठेवण्यासाठी एक उपपालक नेमला जाई. आई आणि मुले यांचे हितसंबंध परस्परांविरुद्ध गेले, तर मुलांची बाजू मांडणे हे त्याचे काम. मोठ्या निर्णयांसाठी न्यायाधीशाच्या आज्ञेने कुटुंबसभा भरे. तीत किमान पाच नातेवाईक, आणि ते नसतील तर कुटुंबाचे स्नेही, शपथेवर आपले मत देत. या सभेचा सल्ला आणि न्यायाधीशाची परवानगी यांवाचून मुलांची स्थावर मिळकत विकता येत नसे. पालकाच्या कारभारात मुलांचे नुकसान झाले, तर त्याची भरपाई व्हावी म्हणून पालकाच्या स्वतःच्या मालमत्तेवर मुलांच्या नावे कायद्यानेच गहाणाचा बोजा चढे.

पण ही बारकाई म्हणजे आईवरचा विश्वास नव्हे, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. 'पार्तिदास'प्रमाणे विधवेला पालकत्व हवे असेल, तर आपण पुन्हा लग्न करणार नाही असे तिला वचन द्यावे लागे. लुइझियानाच्या संहितांनी ही अट सैल केली, सोडली नाही. पुनर्विवाह करू इच्छिणाऱ्या आईने लग्नापूर्वी कुटुंबसभा बोलावून पालकत्व आपल्याकडे राहावे की नाही, याचा निर्णय घ्यावा. न बोलावल्यास पालकत्व आपोआप जाई. सभेने तिला कायम ठेवले, तर नवा पतीही पालक म्हणून तिच्याबरोबर जबाबदार धरला जाई. ही अट विधवा आईसाठी होती. विधुर बापासाठी नव्हती. आई आणि आजी सोडता इतर स्त्रियांना पालक होण्याचा अधिकारच नव्हता. १८४४ च्या कायद्याने मुलांच्या वाट्याला आलेल्या समाईक संपत्तीचा उपभोग हयात जोडीदाराला दिला, तोही पुनर्विवाहापर्यंतच. पीतज्वराच्या साथी ज्या शहरात पुन्हा पुन्हा येत, जेथे तरुण वयात वैधव्य येणे ही नित्याची गोष्ट होती, तेथे एकटीने मळा किंवा दुकान चालविणे किती स्त्रियांना शक्य होते ? पुनर्विवाह हा बहुधा निर्वाहाचा मार्ग होता. कायद्याने तो बंद केला नाही. त्याच्या तोंडाशी पाच पंच बसविले.

भारतीय वाचकाला हा संशय परका वाटणार नाही. ज्या १८५६ च्या कायद्याने हिंदू विधवेच्या पुनर्विवाहाला मान्यता दिली, त्याच कायद्याने पुनर्विवाह करताच पतीच्या मालमत्तेवरचे तिचे हक्क संपुष्टात आणले आणि तिच्या मुलांसाठी दुसरा पालक नेमण्याची मागणी करण्याचा अधिकार मृत पतीच्या आप्तांना दिला. विवाहाची मोकळीक आणि मातृत्वाची साशंक तपासणी एकाच पानावर लिहिली गेली. १९५६ च्या अज्ञानत्व व पालकत्वविषयक कायद्यानेही बापाला प्रथम नैसर्गिक पालक ठरवून आईला 'त्याच्यानंतर' स्थान दिले. या 'नंतर'चा अर्थ केवळ बापाच्या मृत्यूनंतर असा नव्हे, हे सांगण्यासाठी १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला गीता हरिहरन यांच्या खटल्यात निकाल द्यावा लागला. सातबाराच्या उताऱ्यावर मुलाच्या नावाखाली येणारी 'अ.पा.क.' ही तीन अक्षरे, म्हणजे 'अज्ञान पालनकर्ता', महाराष्ट्रातील कितीतरी विधवांनी आपल्या नावामागे पाहिली आहेत. गोव्यात तर साम्य अधिक जवळचे आहे. १८६७ च्या पोर्तुगीज दिवाणी संहितेने तेथे पतिपत्नींची समाईक संपत्ती, मुलांचा अबाधित वाटा, मालमत्तेच्या यादीची न्यायालयीन कार्यवाही आणि कुटुंबसभा या साऱ्या संस्था आणल्या. १९६१ नंतरही तो कायदा चालू राहिला. २०१२ साली संमत होऊन २०१६ मध्ये अमलात आलेल्या गोव्याच्या वारसाविषयक कायद्यानेही 'इन्व्हेंटरी' हा शब्द शीर्षकातच ठेवला. मिसिसिपीच्या मुखापाशी आणि मांडवीच्या तीरावर एकाच रोमन-आयबेरियन वृक्षाच्या दोन फांद्या वाढल्या, असे म्हणण्यास हरकत नाही.

असे असूनही लुइझियानाची कथा येथे संपविली, तर ती अर्धी राहील. त्या यादीतील माणसांकडे परत गेले पाहिजे. १७२४ च्या 'कोद न्वार'ने गुलामांना जंगम मालमत्ता मानले होते. १८०८ च्या संहितेपर्यंत ते जमिनीसारखी स्थावर मालमत्ता ठरले. या बदलाचा अर्थ नीट समजून घ्यावा. अज्ञान वारसांची स्थावर मालमत्ता कुटुंबसभेच्या सल्ल्यावाचून विकता येत नाही, ही त्या कायद्यातील सर्वांत भक्कम तटबंदी. गुलाम स्थावर ठरताच ते या तटबंदीच्या आत आले, पण रक्षिलेली माणसे म्हणून नव्हे, रक्षिलेली मिळकत म्हणून. पाच नातेवाईक शपथेवर बसत आणि मृताच्या मुलांचे हित कशात आहे, याचा प्रामाणिकपणे विचार करीत. कर्ज फेडण्यासाठी स्वयंपाकीण विकावी, की सुतारकाम जाणणारा तरुण भाड्याने द्यावा, हा त्या हिताचाच प्रश्न असे. त्या सभेतील माणसे क्रूर असण्याची गरज नव्हती. कर्तव्यदक्ष असणे पुरेसे होते.

वारसांमध्ये समान वाटणी हे या कायद्याचे दुसरे भूषण. थोरल्याला सर्व आणि धाकट्यांना काही नाही, असा पक्षपात त्यात नव्हता; मुलगा आणि मुलगी यांतही भेद नव्हता. पण जी मिळकत समान भागांत वाटायची ती माणसांची असेल, तर समतेचे पाते कोठून फिरते ? १७९५ मध्ये एत्येन द बोरे याने उसाच्या रसापासून दाणेदार साखर यशस्वीपणे काढल्यानंतर मळ्यांचे आणि त्यांवर राबणाऱ्या माणसांचे मोल वाढत गेले. वाटणीचे भाग जुळेनात, की लिलाव होई. एका घरातील भावंडांना समान न्याय मिळावा, म्हणून दुसऱ्या घरातील भावंडे वेगवेगळ्या धन्यांकडे जात. पहिल्या घरातील मुलांसाठी पालक, उपपालक आणि कुटुंबसभा होती. दुसऱ्या घरातील बापाला १८२५ च्या संहितेने पालक होण्यासच अपात्र ठरविले होते. गुलाम कोणाचाही पालक होऊ शकत नाही, स्वतःच्या मुलांचाही नाही.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो : तो काळ निराळा होता, आजच्या मापाने त्याला मोजू नये. हा आक्षेप वरवर न्याय्य दिसतो, परंतु तो त्या काळाच्या कागदपत्रांपुढे टिकत नाही. 'कोद न्वार'नेच एका धन्याच्या मालकीचे पती, पत्नी आणि त्यांची लहान मुले यांची वेगवेगळी जप्ती व विक्री करण्यास मनाई केली होती. १८०६ च्या कायद्याने दहा वर्षांखालील मुलाला आईपासून तोडून विकणे निषिद्ध ठरविले. म्हणजे गुलाम स्त्रीही आई असते आणि तिच्या मुलाला तिची गरज असते, हे कायदेकारांना ठाऊक होते. ठाऊक होते म्हणूनच त्यांनी मर्यादा घातली. आणि ती दहाव्या वर्षी संपविली. त्याच समाजात धन्याचा मुलगा एकविसाव्या वर्षापर्यंत 'अज्ञान' राही आणि तोवर त्याचा एक चमचाही हिशेबाशिवाय हलत नसे. दहा आणि एकवीस या दोन आकड्यांत जे अंतर आहे, ते अज्ञानाचे नाही. ते जाणून घेतलेल्या निर्णयाचे आहे. स्पॅनिश अमदानीत गुलामाला ठरविलेली किंमत देऊन स्वतःला सोडवून घेण्याचा मार्ग खुला होता. १८०७ च्या कायद्याने तीस वर्षांखालील गुलामाच्या मुक्तीलाच सर्वसाधारणपणे मनाई केली. काळ पुढे सरकला, की कायदा आपोआप उदार होत जातो, या समजुतीला येथे आधार मिळत नाही.

म्हणून या कायद्याची स्तुती करणाऱ्यांनी एक पथ्य पाळावे. विधवेचा अर्धा वाटा खरा होता, मुलांचा अबाधित भाग खरा होता, कुटुंबसभेची दक्षता खरी होती. त्यांतले काहीही नाकारण्याचे कारण नाही. परंतु अज्ञानाचे हित हे शब्द कोणत्या मुलाला लागू आहेत, हे आधी विचारल्याशिवाय त्या शब्दांचा गौरव करू नये. संरक्षणाचा कायदा किती बारीक आहे यावरून त्याची योग्यता ठरत नाही. मूल म्हणून तो कोणाकोणाची गणना करतो, यावरून ती ठरते. पाच पंचांची उत्तम सभाही, तिच्यापुढे ठेवलेल्या यादीत जे माणूस म्हणून लिहिलेले नाही, त्याचा माणूस म्हणून विचार करीत नाही.

त्या याद्या आज अभिलेखागारांत आहेत. इतिहासकार ग्वेंडोलिन मिडलो हॉल यांनी वर्षानुवर्षे लुइझियानाच्या गावोगावचे असले दस्तऐवज चाळले आणि १७१९ ते १८२० या काळातील सुमारे १,००,००० गुलामांच्या नोंदी एकत्र करून २००० साली प्रसिद्ध केल्या. नाव, वय, आईचे नाव, कसब, आफ्रिकेतील मूळ समाज : किंमत ठरविण्यासाठी जे टिपले होते, ते आज वंशजांना आपल्या पूर्वजांचा माग काढण्यासाठी उपयोगी पडते. एका मुलाच्या हक्काचा पुरावा म्हणून जो कागद जपून ठेवला गेला, त्यानेच दुसऱ्या मुलाचे नाव राखले. ते त्या कायद्याचे श्रेय नव्हे. त्याने केवळ मोजले होते. त्या मोजलेल्यांत माणूस शोधण्याचे काम दोन शतकांनंतरच्या वाचकावर सोपविले गेले.