"आम्ही पळू, पण दादीचं काय?"

गेल्या 30 सप्टेंबरला आम्ही सातवीच्या वर्गात किल्लारीचा विषय काढला. 1993 साली याच तारखेला पहाटे चारच्या सुमारास लातूर-उस्मानाबादची जमीन हलली आणि हजारो माणसं झोपेतच गेली, हे मुलांना सांगितलं. मग नेहमीचं सांगून झालं. बाकाखाली बसा, डोकं झाका, हलणं थांबलं की रांगेत मैदानात या, लिफ्ट वापरू नका. तेवढ्यात मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. "टीचर, आम्ही पळू. पण आमची दादी तिसऱ्या मजल्यावर राहते, तिला गुडघ्यांमुळे उतरता येत नाही. तिला कुठे न्यायचं?"

आमच्याकडे उत्तर नव्हतं. त्या आठवड्यात शाळेत आलेल्या पालकांना आम्ही विचारलं की भूकंप किंवा मोठी आपत्ती आली तर आपल्या वस्तीतली माणसं कुठे जमणार? कुणी म्हणालं मैदानात, कुणी मस्जिदमध्ये, कुणी गावी. नेमकी जागा, तिथल्या चावीवाल्याचं नाव आणि तिथे पाणी-संडासाची सोय काय, हे एकालाही सांगता आलं नाही. आम्हालाही नाही. म्हणून हा लेख.

पनवेलला खरंच धोका आहे का?

कुणाला घाबरवायचा हेतू नाही. भारतीय मानक ब्युरोच्या 2002 च्या नकाशात देशाचे चार भूकंपक्षेत्रांत भाग केले आहेत. त्यात मुंबई-ठाणे-पनवेल हा पट्टा झोन 3 मध्ये, म्हणजे मध्यम धोक्यात येतो. कोयनेचा पट्टा झोन 4 मध्ये आहे. भूगर्भशास्त्रात आपल्या गावाचं नावही आहे. कोकणपट्टीत दख्खनच्या बेसॉल्ट खडकाचे थर समुद्राकडे वाकलेले आहेत, त्या वाकणीला 'पनवेल फ्लेक्शर' म्हणतात. त्याचा अर्थ उद्या भूकंप होणार असा नाही. पण आपण राहतो तो भाग 'इथे कधीच काही होणार नाही' अशातला नाही, एवढं समजून घ्यावं.

किल्लारीच्या लोकांनाही असंच सांगितलं गेलं होतं. 1993 पूर्वीच्या नकाशात तो भाग सगळ्यात कमी धोक्याच्या क्षेत्रात होता. कोयनेत 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे भूकंप झाला आणि दोनशेच्या आसपास माणसं गेली. तोही धक्का अनपेक्षितच होता. नकाशावर मध्यम रंग दिसला म्हणून निर्धास्त झोपावं, असं काही नसतं.

आपल्या सगळ्यात जवळचं उदाहरण पालघरचं आहे. नोव्हेंबर 2018 पासून डहाणू-तलासरी भागात छोटे छोटे धक्के बसू लागले. धुंदलवाडी परिसरातले लोक थंडीत घराबाहेर झोपायला लागले, तंबू उभारावे लागले. फेब्रुवारी 2019 मध्ये धक्का बसल्यावर घरच्यांबरोबर बाहेर पळताना एक दोन वर्षांची मुलगी पडली आणि डोक्याला मार लागून गेली. इमारती पाडणारा तो धक्का नव्हता. जीव गेला पळापळीत. जमीन किती हलते, यासोबतच माणसं कुठे आणि कशी जातात, यावरही किती जीव वाचतात हे ठरतं.

आणि पडायला आपल्याकडे भूकंप तरी कुठे लागतो? 24 ऑगस्ट 2020 रोजी महाडमध्ये तारिक गार्डन ही जेमतेम दहाएक वर्षांची पाच मजली इमारत कोसळली आणि 16 माणसं गेली. आपल्यातल्या किती घरांत त्या दिवशी फोनची रांग लागली होती, ते आठवून पाहा. ज्या जिल्ह्यात धक्का न बसता इमारती पडतात, तिथे धक्का बसल्यावर काय होईल, याचा विचार करायला शास्त्रज्ञ असावं लागत नाही.

भूकंप मिनिटाचा, त्यानंतरचे दिवस लांब

आपण तयारी म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर ते एक मिनिट असतं. पण म्हातारे, आजारी, अपंग, गरोदर बाया आणि तान्ही मुलं यांची खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. जपानमधल्या कुमामोटोत एप्रिल 2016 मध्ये भूकंप झाला. त्यात थेट घर पडून वगैरे 50 माणसं गेली, आणि नंतरच्या दिवसांत, महिन्यांत दोनशेहून जास्त. त्यांतले बहुतेक वयस्कर होते. कुणी निवाऱ्याच्या गर्दीत आजारी पडलं, कुणी गाडीत झोपून पायात रक्त गोठून गेलं, कुणाचे उपचार तुटले. जपानसारख्या तयारीच्या देशात हे झालं. म्हणूनच तिथे सर्वसाधारण निवाऱ्यांशिवाय म्हातारे आणि अपंगांसाठी वेगळे निवारे आधीच ठरवून ठेवण्याची पद्धत आहे.

आपल्याकडे इर्शाळवाडी बघा. पनवेलहून तासाभराच्या आतलं अंतर. 19 जुलै 2023 च्या रात्री दरड कोसळली, 27 मृतदेह मिळाले, 57 जण बेपत्ताच राहिले. वाचलेल्या ठाकूर आदिवासी कुटुंबांना चौकजवळ कंटेनरच्या घरांत ठेवलं गेलं. तात्पुरता म्हटलेला तो निवारा वर्षभराच्या पुढे गेला. किल्लारीतही लोकांनी पत्र्याच्या शेडमध्ये दिवस काढले. 'तात्पुरतं' म्हणून जे उभं राहतं, त्यात माणसांना उन्हाळाही काढावा लागतो आणि पावसाळाही. म्हणून निवाऱ्याचा विचार आपत्तीच्या आधी करायचा असतो.

कायदा काय म्हणतो

आपत्ती व्यवस्थापन कायदा 2005 मध्ये आहे. त्याच्या कलम 12 प्रमाणे निवारा, अन्न, पिण्याचं पाणी, औषधोपचार आणि स्वच्छता यांची किमान पातळी ठरवायची असते, विधवा आणि अनाथांसाठी खास तरतूद करायची असते. कलम 61 म्हणतं की मदत देताना स्त्री-पुरुष, जात, समाज, वंश, धर्म यांवरून भेद करता येणार नाही. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा आणखी पुढे जातो. आपल्या जिल्ह्यातल्या दिव्यांग व्यक्तींची नोंद जिल्हा आपत्ती प्राधिकरणाने ठेवायची, असं त्याच्या कलम 8 मध्ये स्पष्ट लिहिलं आहे.

आम्ही एका कार्यालयात जाऊन विचारलं की आमच्या वस्तीतल्या अंथरुणाला खिळलेल्या लोकांची यादी आहे का. समोरच्या साहेबांनी आधी दुसऱ्या खिडकीकडे पाठवलं, तिथून तिसऱ्या. शेवटी एक जण प्रामाणिकपणे म्हणाला, "तुमच्याकडे असेल तर आम्हाला द्या." आम्हाला राग आला खरा. पण घरी येताना वाटलं की तो बरोबर बोलला. आपल्याच गल्लीत कोण ऑक्सिजनवर आहे, कुणाचं डायलिसिस चालू आहे, हे आपल्याला तरी कुठे माहीत आहे?

हॉल मोजला तेव्हा

आम्ही गणिताच्या तासाला मुलांना टेप दिला आणि शाळेचा हॉल मोजायला सांगितला. 40 बाय 50 फूट, म्हणजे 2000 चौरस फूट, सुमारे 186 चौरस मीटर. मुलांचा अंदाज होता की इथे दोनशे माणसं आरामात झोपतील. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या निकषात निवाऱ्यात माणशी साडेतीन चौरस मीटर जागा धरली आहे. भागाकार केला तर उत्तर आलं 53. वर्गात एकदम शांतता.

मग पुढचं गणित. 30 माणसांमागे एक संडास, म्हणजे किमान दोन, आणि बायका-मुलांसाठी वेगळी सोय हवी. पिण्यासाठी माणशी रोज 3 लिटर, म्हणजे 53 जणांना 159 लिटर, 20 लिटरचे आठ जार. वापरायला माणशी 15 लिटर, म्हणजे जवळपास 800 लिटर. हे सगळं एका दिवसाचं. मुलांनी स्वतः हिशेब केला म्हणून त्यांना समजलं की निवारा म्हणजे नुसतं छप्पर नव्हे.

मस्जिद उघडी आहे, पण भक्कम आहे का?

संकटात मस्जिद आणि मदरशाचे दरवाजे उघडायला आपली माणसं मागे राहत नाहीत. मस्जिदमध्ये वजूचं पाणी असतं, लाऊडस्पीकर असतो, मुअज्जिनसाहेब जवळच राहतात म्हणजे चावी रात्रीही मिळते. पण भूकंपाच्या बाबतीत एक प्रश्न आधी विचारावाच लागेल. ही इमारत स्वतः टिकेल का?

28 मार्च 2025 ला म्यानमारमध्ये 7.7 रिश्टरचा भूकंप झाला. रमजानचा शेवटचा जुमा होता, दुपारची वेळ, मस्जिदी भरलेल्या. सगाईंग आणि मंडालेमधल्या अनेक जुन्या मस्जिदी नमाजींवर कोसळल्या. 8 ऑक्टोबर 2005 ला रमजानच्या पहिल्याच आठवड्यात पाकव्याप्त काश्मीर आणि खैबरच्या बाजूला भूकंप झाला, सकाळी शाळा भरलेल्या होत्या, आणि हजारो मुलं वर्गातच गाडली गेली. नेक इरादा छताला आधार देत नाही. आधार देतात ते खांब, बीम आणि लोखंड.

2001 च्या गुजरात भूकंपात अहमदाबादेत ज्या इमारती पडल्या त्यांतल्या बऱ्याच खाली मोकळं पार्किंग आणि वर फ्लॅट अशा होत्या. खाली फक्त खांब, भिंती नाहीत, म्हणून तळमजलाच कमकुवत. आता आपले हॉल बघा. खाली दुकानं किंवा पार्किंग, वर जिन्याने चढून नमाजची जागा किंवा शादीचा हॉल. शिवाय वर मिनार, गुंबद, पाण्याची टाकी. जिना अरुंद, व्हीलचेअरला रॅम्प नाही, बायकांसाठी संडास नाही. अशी जागा पुरात चालेल, भूकंपात नाही. महानगरपालिका कायद्यात 30 वर्षांवरच्या इमारतींची तपासणी करून घेण्याची तरतूद आहे. मस्जिद, मदरसा, शाळा, जमातखाना यांनी तर तीस वर्षांची वाट न बघता ती करून घ्यावी. रंगरंगोटी आणि नवीन झुंबराला चंदा जमतो, स्ट्रक्चरल ऑडिटलाही जमेल. मागावा लागेल, एवढंच.

बायकांचा प्रश्न बाजूला ठेवू नका

बांगलादेशात 1991 च्या चक्रीवादळात बायका फार मोठ्या संख्येने गेल्या. त्याचं एक कारण असं नोंदलं गेलं की पुरुषांच्या गर्दीत, आडोसा नसलेल्या निवाऱ्यात जायला त्या कचरल्या. आपल्याकडेही तेच होईल. पडदा नाही, वेगळा संडास नाही, बाळाला दूध पाजायला कोपरा नाही, अशी जागा असेल तर आपली खाला, आपली सून तडा गेलेल्या घरात परत जाईल. म्हणून निवारा ठरवणाऱ्या कमिटीत बायका हव्यात. किल्लारीनंतर घरांच्या दुरुस्ती-मजबुतीच्या कार्यक्रमात मराठवाड्यातल्या गावांत महिलांना 'संवाद सहायक' म्हणून नेमलं गेलं आणि त्यांनी ते काम निभावून नेलं. ते मराठवाड्यातल्या खेड्यात झालं तर पनवेलमध्ये का होणार नाही?

करायचं काय

पहिलं, दोन जागा ठरवा. एक मोकळी, जिथे धक्क्यानंतर लगेच जमायचं. आजूबाजूला उंच इमारत, विजेच्या तारा, पाण्याची टाकी नको. नंतरचे धक्के येत राहतात, म्हणून पहिले काही तास कुणालाही छपराखाली नेऊ नये. दुसरी जागा छपराची, तळमजल्यावरची, इंजिनियरने आधी पाहिलेली, आणि भूकंपानंतर पुन्हा पाहून मगच उघडायची. गाढी नदीकाठची सखल जागा पावसाळ्यात चालणार नाही, हेही ध्यानात ठेवा.

दुसरं, यादी करा. प्रत्येक इमारतीत कोण एकटं राहतं, कोणाला उतरता येत नाही, कुणाला इन्सुलिन लागतं, कोण गरोदर आहे. प्रत्येक नावासमोर शेजारची दोन तरुण नावं लिहा, ज्यांनी त्यांना खुर्चीत बसवून खाली आणायचं. ही यादी म्हणजे अमानत आहे. ती व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरवू नका, दोन-तीन जबाबदार लोकांकडे ठेवा.

तिसरं, सामान. ताडपत्री, पडदे, चादरी, बॅटऱ्या, पाण्याचे जार, सॅनिटरी पॅड, बाळांचे लंगोट, स्ट्रेचर किंवा मजबूत खुर्ची, घरोघरी आठवड्याची औषधं आणि चिठ्ठी एका पिशवीत. 112 आणि 108 हे नंबर दादीलाही पाठ हवेत.

चौथं, महापालिकेकडे लेखी विचारा. पनवेल महापालिका 1 ऑक्टोबर 2016 ला झाली. तेव्हापासून टॉवर वाढले, खारघर-कामोठे-तळोजा भरत गेलं, मोकळी जागा कमी होत गेली. प्रत्येक प्रभागात निवाऱ्याची जागा कोणती, ती तपासली केव्हा, रॅम्प आहे का, आणि हे लोकांना बोर्ड लावून सांगणार कधी, हे प्रश्न आपण आणि शेजारच्या सोसायट्यांनी मिळून विचारावेत.

आणि निवारा सगळ्यांचा असावा. वीटभट्टीवरचे मजूर, वाडीतले कातकरी, गोदामात झोपणारे परप्रांतीय, समोरच्या चाळीतल्या आजी. कलम 61 सरकारला लागू आहे, पण आपल्याला त्याआधीपासूनची शेजाऱ्याच्या हक्काची शिकवण आहे.

तवक्कुलचा अर्थ हात बांधून बसणं नव्हे. उंट बांधण्याची हदीस आपल्या मुलांना लहानपणीच सांगितली जाते. अल्लाह करो आणि ती वेळ कधी न येवो. पण त्या मुलीला आम्ही अजून उत्तर दिलेलं नाही. येत्या जुम्याला नमाजनंतर आमच्या मोहल्ल्यातली काही मंडळी बसणार आहोत, सोबत एक इंजिनियर आणि दोन शिक्षिका. यादीत पहिलं नाव तिच्या दादीचं लिहायचं ठरलं आहे. तुमच्या मोहल्ल्यात पहिलं नाव कुणाचं असेल?