भिंत बांधली कोणी?

इंग्रजी कादंबऱ्या वाचणाऱ्या आपल्यासारख्यांना इंग्लंडमधील जुने वाडे आणि त्यांच्या बागा नव्या नाहीत. बागेभोवतीच्या विटांच्या भिंतीकडे मात्र आपण वर्णनाचा भाग म्हणूनच पाहतो. तांबूस, शेवाळलेली, रम्य वगैरे. माझ्या मते ती शोभेची वस्तू नव्हेच. ते एक अवजार होते.

दगड सोडून वीट का? विटेत दिवसभराचे ऊन मुरते आणि रात्री ती ते हळूहळू सोडते. म्हणून दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीवर पीच, जर्दाळू, अंजीर यांची झाडे पंख्यासारखी पसरून बांधीत. सांध्यांत खिळे ठोकणेही सोपे. उन्हाने भागेना, तेव्हा अठराव्या शतकात कित्येक भिंतींच्या पोटातून धुराचे मार्ग काढले गेले. मागे भट्टी पेटे, गरम धूर भिंतीतून फिरे आणि वसंतातल्या कडाक्याच्या थंडीत पीचचा मोहोर वाचे. त्या भट्टीत रात्री जळण घालायला कोणीतरी जागत असणारच! सफोक परगण्यात तर नागमोडी भिंती आहेत. वळणांमुळे केवळ एका विटेच्या जाडीची भिंत आधाराच्या खांबांवाचून उभी राहते. हे गणित गवंड्याने कोणत्या कॉलेजात शिकावे?

वॉरिकशरमधील पॅकवुड हाऊसच्या बागेतल्या भिंतीत मधमाश्यांच्या टोपल्यांसाठी कोनाडे ठेवलेले आहेत. माश्यांना वारापाऊस लागू नये ही काळजी. वीटभट्टीवरच्या पोरांची काळजी मात्र कायद्याला १८७१ साली सुचली. लहानपणी स्वतः भट्टीवर राबलेल्या जॉर्ज स्मिथने रान उठवले, तेव्हा कुठे दहा वर्षांखालील मुलांना आणि सोळा वर्षांखालील मुलींना त्या कामाची बंदी झाली. सगळ्याच भिंती पोरांच्या हातच्या, असे मी म्हणत नाही. पॅकवुडची भिंत तर या कायद्याच्या कितीतरी आधीची. पण १७८४ ते १८५० विटांवर कर होता. म्हणजे हजारांनी विटा मोजायला सरकारला माणसे मिळत होती.

वाड्याचा धनी आणि बांधणीचे साल यांपाशी आपली टिपणे थांबतात. त्यांत मातीची खाण, भट्टी आणि रात्री जळण घालणारा गडी यांनाही जागा हवी. वाङ्मय मंडळाने पुढच्या चर्चेला हाच विषय घ्यावा, अशी माझी सूचना आहे.