लांडगा चावल्यावरचा हिशेब

वाचकहो, दिवाळीच्या फराळावर लांडग्याच्या गोष्टी कसल्या, म्हणाल. पण हा लांडगा कागदावरचा आहे. 1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा खेळ काढला. मेजाभोवती चारपाच जणांनी बसायचे, प्रत्येकाने एकेक पात्र घ्यायचे (कोणी योद्धा, कोणी जादूगार) आणि फासे टाकीत साहसकथा पुढे न्यायची. एक जण सूत्रधार. आमच्या घरी ते काम माझ्याकडे असते.

या खेळाची खरी गोडी पात्राच्या वाढीत आहे. संकटे निस्तरली की अनुभवाचे गुण मिळतात. 2003 सालच्या नियमांप्रमाणे 6,000 गुणांना चौथी पायरी, 10,000 ला पाचवी. थेट नोकरीतल्या बढतीसारखे!

आता मध्येच पौर्णिमेला लांडगा होणारा माणूस चावतो. फासा उलटा पडला की चावलेलाही तसाच होतो. तासाभरात बेलाडोना खाल्ली तर सुटण्याची आणखी एक संधी. पण ती वनस्पती मुळात विषारी. गंमत अशी, की खेळणाऱ्याला सुटायचेच नसते! ताकद वाढते, चांदीखेरीज इतर हत्यारांचे घाव बोथट होतात.

आमच्याकडे एका मुलीच्या चौथ्या पायरीवरच्या योद्ध्याला असा लांडगा चावला. तिने टाळी वाजवली. बाकीचे तिघे मात्र गप्प झाले. ते महिनोन्‌महिने गुण जमवीत होते, आणि हिला एका चाव्यात घबाड मिळाले होते. अशा गप्प बसण्यातूनच मेजे मोडतात.

नियमकर्त्यांनी हे ओळखले होते. लांडग्याच्या दोन पायऱ्या आणि अंगी आलेल्या शक्तीबद्दल आणखी दोन धरून तो योद्धा आठवीचा मानायचा. म्हणजे पुढची बढती 10,000 ला नव्हे, नववीच्या भावाने 36,000 ला! 2014 सालच्या आवृत्तीत हा हिशेब नाही. तिथे शापाने स्वभाव पालटला, तर सूत्रधाराला ते पात्र आपल्या ताब्यात घेता येते. एकीकडे किंमत वाढीची, दुसरीकडे स्वातंत्र्याची. मला पहिली रीत बरी वाटते. तिच्यात खेळणाऱ्याच्या हातून त्याचे माणूस जात नाही.

मी आकडे मांडले. मुलगी म्हणाली, “म्हणजे काका, हे सगळे पायऱ्या चढत राहणार आणि मी तिथंच?”

“तिथंच. पण बलवान.”

ती थोडा वेळ कागदाकडे पाहत राहिली. मग विचारले, “उपाय किती दिवसांत करावा लागतो?”

बाराव्या पायरीच्या पुरोहिताने तीन दिवसांच्या आत मंत्र म्हटला, तर रोग जातो. मी तसे सांगताच, मघापासून गप्प असलेल्या तिघांनी नकाशा पुढे ओढला आणि जवळचे मोठे देऊळ कुठे आहे ते शोधू लागले.