मामा, पट्टा घट्ट आहे ना?

इंजिनिअरिंग कॉलेजच्या अंकात तान्ह्या बाळाच्या कारसीटवर लेख? रूममेटने विषय ऐकला आणि पोट धरून हसला. पण जरा विचार करा. आपल्यापैकी बरेच जण येत्या चार-पाच वर्षांत मामा, काका, मावशी, आत्या होणार. काही जण आई-बाप होणार. स्टाफमधल्या काहींच्या घरी तर आजच पाळणा हलतोय. तेव्हा हसून झालं असेल तर पुढे वाचा.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. ताई बाळंतपणासाठी साताऱ्याला माहेरी आली होती. बाळ अडीच महिन्यांचं झालं आणि तिला पुण्याला पोचवायचं ठरलं. दाजींनी चांगली महागातली सीट आणली होती. आई म्हणाली, "आपला इंजिनिअर बसवेल की!" झालं! मी फायनल इयर मेकॅनिकल, मशीन डिझाईनला बरे मार्क. मॅन्युअल उघडणं म्हणजे आपला अपमानच. दहा मिनिटांत सीट मागच्या बाकावर बसवली, पट्टा कुठून तरी ओवला, क्लिक आवाज आला, काम फत्ते. भाच्याला पुढचा रस्ता दिसावा म्हणून त्याचं तोंडही पुढे केलं.

शिरवळच्या अलीकडे पुढच्या ट्रकने करकचून ब्रेक मारला. दाजींनीही मारला. टक्कर झाली नाही, पण सीट सरकून एका बाजूला कलंडली. ताईने दोन्ही हातांनी ती धरली. बाळ दचकून रडलं, एवढंच. पुढची दहा मिनिटं गाडीत कुणी बोललं नाही. मला कुणी एक शब्दही बोललं नाही, हेच जास्त लागलं.

त्या रात्री मॅन्युअल पहिल्या पानापासून वाचलं आणि माझ्या चुका मोजल्या.

चूक पहिली, तोंड पुढे. नवजात बाळाचं डोकं त्याच्या लांबीच्या जवळजवळ पाव भाग असतं आणि मान अगदी कोवळी. गाडी समोरून आदळली की डोकं पुढे फेकलं जातं आणि सगळा ताण मानेवर येतो. तोंड मागे असेल तर सीटची पाठ डोकं, मान आणि पाठ एकत्र झेलते. बल तेच, क्षेत्रफळ मोठं, म्हणून दाब कमी. फर्स्ट इयरचं सूत्र! स्वीडनचे बर्टिल आल्डमन यांनी अंतराळवीरांच्या बैठकीवरून ही कल्पना घेतली आणि 1964 मध्ये अशी पहिली सीट करून पाहिली. आज युरोपातल्या आर-129 या नियमात निदान 15 महिन्यांपर्यंत तोंड मागेच हवं. आणि अशी सीट पुढे, चालू एअरबॅगसमोर कधीच ठेवायची नाही. फुगणारी एअरबॅग थेट सीटच्या पाठीवर आदळते.

चूक दुसरी, पट्ट्याचा मार्ग. आमच्या सीटवर निळ्या खुणा होत्या. कमरेचा पट्टा त्या खोबणीतून आणि खांद्याचा पट्टा सीटच्या पाठीमागून न्यायचा होता. मी दोन्ही एकाच बाजूने कोंबले होते. पट्टा ओवल्यावर सीटवर भार देऊन ढील काढायची. मग जिथून पट्टा जातो तिथे धरून हलवून बघायचं. एका इंचापेक्षा जास्त हलली तर परत बसवा. गाडीत आयसोफिक्सच्या लोखंडी कड्या असतील आणि सीट त्या पद्धतीची असेल तर काम सोपं, पण तिथेही हिरवी खूण दिसेपर्यंत विश्वास ठेवू नका.

चूक तिसरी, दुपटं. आजीने बाळाला दुपट्यात गच्च गुंडाळलं आणि आम्ही त्यावरून पट्टे लावले. जाड कापड धक्क्यात दबतं आणि पट्टे सैल पडतात. आधी बाळाला पट्टे लावायचे, वरून दुपटं पांघरायचं. तोंड मागे असताना खांद्याचे पट्टे खांद्याच्या पातळीवर किंवा किंचित खालून यायला हवेत, आणि चिमटीत पकडता येणार नाहीत इतके घट्ट. सीटचा कलही बघायचा. फार उभी असेल तर मान पुढे पडते आणि श्वास अडू शकतो. म्हणूनच लांबच्या प्रवासात मधे थांबून बाळाला बाहेर काढायचं, आणि घरी पोचल्यावर झोपलेलं बाळ तसंच सीटमध्ये ठेवायचं नाही.

आता आजीचा प्रश्न. ती म्हणाली, "आईच्या मांडीसारखी सुरक्षित जागा दुसरी कुठली रे?" आजीशी वाद घालू नये, पण गणित घालता येतं. गाडी 50 च्या वेगात आहे, म्हणजे सेकंदाला सुमारे 14 मीटर. ती एक दशांश सेकंदात थांबली तर 5 किलोच्या बाळाला धरायला साधारण 70 किलो वजन पेलण्याइतकं बल लागतं. आमची ताई स्वतः 50 किलोची. तोच वेग म्हणजे तीन मजली होस्टेलच्या गच्चीवरून पडण्यासारखं. माया कितीही असली तरी हात ते पेलू शकत नाहीत. हे ऐकून आजी गप्प झाली आणि म्हणाली, "मग तू आधी का नाही नीट बसवलंस?" व्हायवात असा प्रश्न अजून कुणी विचारला नाही.

कायदा आहे. 2019 च्या दुरुस्तीतल्या कलम 194-ब नुसार 14 वर्षांखालचं मूल पट्ट्याशिवाय किंवा योग्य सीटशिवाय नेलं तर 1000 रुपये दंड. दुचाकीवरच्या 9 महिने ते 4 वर्षांच्या मुलांसाठीही 2023 पासून हार्नेस, हेल्मेट आणि ताशी 40 ची मर्यादा आहे. पण दंडाच्या भीतीने घेतलेली सीट माझ्यासारखीच बसवली जाणार. माझं म्हणणं एवढंच, सुरक्षितता दुकानात अर्धीच मिळते, उरलेली अर्धी बसवणाऱ्याच्या हातात असते.

कुणी म्हणेल, सीट परवडते कुणाला? खरंय, स्वस्त नाही. पण बारशाला येणाऱ्या चांदीच्या वाट्या आणि ढीगभर कपडे बघा. मामा-मावश्यांनी मिळून एक सीट द्यावी की! फक्त अपघात झालेल्या गाडीतली जुनी सीट घेऊ नका. तिला आतून काय झालंय ते बाहेरून दिसत नाही.

आणि एक सूचना, थेट आपल्या डिपार्टमेंटला. गॅदरिंगला आपण रोबो नाचवतो. त्याऐवजी एका शनिवारी वर्कशॉपसमोर मांडव टाकूया. स्टाफने आणि गावातल्या लोकांनी गाड्या आणाव्यात, आपण मॅन्युअल हातात धरून त्यांच्या सीटा तपासून द्याव्यात. मार्क मिळणार नाहीत, टर्म वर्कमध्ये धरलं जाणार नाही. पण मॅन्युअल वाचायची सवय तरी लागेल.

भाचा आता पुण्यात आहे. मी गेलो की गाडी निघण्याआधी ताई मागे वळून एकच विचारते, "मामा, पट्टा घट्ट आहे ना?" मी उत्तर देण्याआधी सीट एकदा हलवून बघतो.