उत्तर शेजाऱ्याने द्यावे

सुरतेत पोटासाठी येणारा माणूस खानदेशातला असतो, ओडिशातला असतो, उत्तर प्रदेश-बिहारचाही असतो. मुंबईत ‘घाटी’ म्हणून हिणवला गेलेला मराठी माणूसच उत्तरेकडून आलेल्यांसाठी ‘भैया’ हा शब्द शिवीसारखा वापरतो, हे लाजिरवाणे आहे. २०१८ मध्ये हिंमतनगरजवळच्या एका अमानुष गुन्ह्याचा राग उत्तर गुजरातमधल्या निरपराध परप्रांतीयांवर निघाला आणि हजारोंना गाव सोडावे लागले. असा राग एका दिवसात पेटत नाही; रोजच्या हिणवण्याने त्याची जमीन आधीच भुसभुशीत केलेली असते. म्हणून ‘थट्टाच तर होती’ हा बचाव टिकत नाही.

मग उत्तर काय द्यावे? ‘मी तसला नाही’ हे सर्वांत सोपे आणि सर्वांत चुकीचे उत्तर. ईशान्येतल्या तरुणाला ‘चिनी’ म्हटल्यावर आपण घाईने ‘तो भारतीय आहे’ म्हणतो. पण त्यामुळे चिनी असणे हीनच, हे मान्य होते. २०१४ मध्ये दिल्लीत निडो तानिया या ईशान्येतल्याच तरुणाचा मारहाणीनंतर मृत्यू झाला. त्यानंतर नेमलेल्या बेझबरुआ समितीने वांशिक अपमानासाठी स्वतंत्र कलम सुचवले, ते आजवर झाले नाही. कायदा हवाच, पण कारखान्यात किंवा रिक्षाथांब्यावर पोलीस उभा नसतो, शेजारी असतो. अपमानिताने प्रत्येक वेळी भांडावे ही अपेक्षा अन्यायाची आहे, कारण त्याची रोजी आणि भाड्याची खोली पणाला लागते. ज्याचे काही जाणार नाही, त्या मुकादमाने, घरमालकाने, सहकाऱ्याने तिथल्या तिथे, सर्वांसमक्ष बोलणाऱ्याला थांबवावे.