आधी जनगणना, मग बाया?

१९९६ मध्ये महिला आरक्षणाचे विधेयक संसदेत आले. २०२३ मध्ये लोकसभेने नव्या विधेयकाला ४५४ विरुद्ध २ मतांनी मंजुरी दिली, पण अट घालून: आधी जनगणना, मग मतदारसंघांची पुनर्रचना, मग आरक्षण. ७३ व्या घटनादुरुस्तीने १९९३ मध्ये पंचायतींत एक तृतीयांश जागा दिल्या तेव्हा असे थांबवले नव्हते!

ओबीसी बायांच्या वाट्याची विरोधी बाकांवरची दुरुस्तीही फेटाळली गेली. याच मागणीआड लपून पूर्वी विधेयक अडवणारे पुरुष मी विसरलेले नाही. पण मागणी खोटी नाही. माझ्या बैठकांना येणाऱ्या ओबीसी सरपंच बाया राखीव जागेवरूनच निवडून आल्या. मैत्रिणींनो, आपल्या निवेदनांत दोन्ही लिहा: अट काढा, वाटा द्या.